जागा खरी आहे, मग मॅपवर का घेत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे की भांडुपमध्ये तुमच्या आसपासच्या चार जागा तुम्ही गुगल मॅप्सवर टाकल्या, एक दातांचा दवाखाना, गल्लीतलं दत्तमंदिर, नाक्यावरची भजीची गाडी आणि तुमची स्वतःची सोसायटी, आणि चारही ठिकाणी 'नॉट अप्लाइड' आलं, म्हणजे एडिट घेतलंच नाही, आणि कारण काहीच दिलं नाही. दवाखाना तर कित्येक वर्षं तिथेच आहे, मग आम्ही काय खोटं बोलतोय का, असं तुम्ही जरा वैतागूनच विचारलंय. मी मॅप मेकरच्या, म्हणजे लोकांना नकाशा काढू देणाऱ्या गुगलच्या जुन्या साधनाच्या, काळापासून मुंबईचा नकाशा एडिट करतोय, आता दुकानदारांना लिस्टिंगची, म्हणजे मॅपवरच्या त्यांच्या नोंदीची, कामं करून देतो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, कारण दोन ओळीत सांगितलं तर तुम्ही परत तेच टाकाल आणि परत तेच येईल.

आधी हे डोक्यातून काढा की कोणीतरी तुमची जागा खोटी ठरवली. तसं कोणी काही ठरवत नाही. तुमच्याकडून तिकडे जातं काय, तर एक नाव, एक पिन म्हणजे नकाशावरची जागेची खूण, एक कॅटेगरी, जमलं तर पत्ता आणि एखादा फोटो. आणि भांडुप कुठे आहे हे ज्याला माहीत नाही अशा कोणाला, बहुतेक वेळा तर माणसालाही नाही, कॉम्प्युटरला, एवढ्यावरून खात्री पटते का, इतकाच प्रश्न असतो. जागा खरी असणं हे तुमच्या बाजूचं झालं, पण तिकडे पोचतो तो फक्त पुरावा, आणि बहुतेकांचा पुरावा अगदीच लंगडा असतो. मी आजवर जेवढी रिजेक्ट झालेली एडिट बघितली त्यातल्या बहुतेक जागा खऱ्याच होत्या हो.

आता इतका संशय कशाला, तर त्याला इतिहास आहे. मॅप मेकर २००८ ला आलं तेव्हा आपल्याकडे रस्त्यांचा धड नकाशाच नव्हता ऑनलाइन, लोकांनी बसून गल्ल्या काढल्या, बिल्डिंगी काढल्या, आणि एकमेकांची एडिट लोकच तपासायचे. मग २०१५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानात रावळपिंडीजवळ कोणीतरी अँड्रॉइडचा रोबो ॲपलच्या लोगोवर लघवी करतोय असं चित्र पार्कच्या आकारात काढलं आणि ते नकाशावर दिसायला लागलं, जगभर हसं झालं, मे महिन्यात मॅप मेकर बंद ठेवावं लागलं, नंतर हळूहळू चालू केलं आणि ३१ मार्च २०१७ ला कायमचंच गुंडाळलं. तो विनोद होता म्हणून सोडून द्या. खरा त्रास पैशाचा होता. २०१७ मध्येच गुगलच्या आणि कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मिळून एक लाखाहून जास्त खोट्या लिस्टिंग तपासल्या, त्यात दहातल्या साधारण चार या कुलूपवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असल्या बोलावल्यावर घरी येणाऱ्या धंद्यांच्या निघाल्या, म्हणजे दुकान कुठेच नाही, पिन मात्र तुमच्या नाक्यावर. आणि आपल्याकडे तर २०१८ मध्ये एका सरकारी बँकेच्या शाखांचे फोन नंबरच मॅपवर कोणीतरी बदलून टाकले होते, एडिट सुचवायची सोय सगळ्यांना खुली असते ना, लोकांनी बँक समजून फोन लावला, समोरच्याने गोड बोलून कार्डाचा नंबर आणि त्याचा गुप्त पिन काढून घेतला, खात्यातले पैसे गेले, प्रकरण महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांपर्यंत गेलं. तेव्हापासून फोन नंबर, बँक, एटीएम, दवाखाना, हॉस्पिटल असलं काही नवीन माणसाने हात लावलं की जास्त बारकाईने बघितलं जातं, असा माझा सततचा अनुभव आहे. गुगलनेच दिलेला आकडा बघा, एकट्या २०२४ मध्ये त्यांनी १.२ कोटीहून जास्त खोट्या बिझनेस प्रोफाइल, म्हणजे मालकाने स्वतः सांभाळायच्या लिस्टिंग, आणि जागांची ७ कोटीहून जास्त नियमात न बसणारी एडिट अडवली किंवा काढून टाकली. या गर्दीत तुमच्या चार जागा गेल्या, एवढं लक्षात घ्या म्हणजे निम्मा राग जाईल.

आता मूळ मुद्द्यावर, काय काय अडतं.

पिन. मुंबईत सगळ्यात जास्त इथेच अडतं आणि लोकांना हेच सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटतं. घरी सोफ्यावर बसून आठवेल तशी पिन टाकतात, ती पडते रस्त्याच्या मधोमध, नाल्यात, नाहीतर थेट रेल्वेच्या रुळांवर. नाल्यात दातांचा दवाखाना कसा असेल, हे कॉम्प्युटरलाही कळतं. जागेवर उभं राहून टाकली तरी फोनचा निळा ठिपका उंच टॉवरच्या मधे, स्टेशनच्या पत्र्याखाली, स्कायवॉकच्या खाली भरकटतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका, सॅटेलाइट व्ह्यू लावा, होईल तेवढं झूम करा, छप्पर ओळखा आणि पिन हाताने उचलून ज्या दारातून गिऱ्हाईक आत जातं तिथे ठेवा. पावसाळ्याच्या आसपासचा फोटो असला तर चाळींवर सगळीकडे निळी ताडपत्री असते, छप्पर कळत नाही, मग शेजारचं ओळखीचं काहीतरी धरून अंदाज घ्यायचा, शाळेचं पटांगण, पाण्याची टाकी, मशिदीचा घुमट.

त्यात आपला ईस्ट-वेस्टचा घोळ. पिन दादर वेस्टला आणि पत्त्यात ४०००१४ म्हणजे ईस्टचा पिनकोड, किंवा पिन अंधेरी ईस्टला आणि पिनकोड ४०००५८, हे मी सारखं बघतो, दुकानदाराने घर एकीकडे दुकान दुसरीकडे म्हणून घरचा पिनकोड टाकलेला असतो. नकाशाला दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या की तो दोन्हीवर विश्वास ठेवत नाही. पत्ता लिहिताना आपल्याकडे 'शाखेच्या समोर', 'मारुती मंदिराच्या मागे' हे लागतंच, त्याला हरकत नाही, नुसत्या रस्त्याच्या नावाने जागा सापडत नसेल तर खूण दिलेली चालते, पण खूण म्हणजे पत्ता नव्हे, आधी बिल्डिंग, रस्ता, भाग, पिनकोड, मग खूण.

आणि उभी मुंबई. साकीनाक्याचं, लोअर परळचं कुठलंही इंडस्ट्रियल इस्टेट घ्या, चार मजले, प्रत्येक मजल्यावर ओळीने गाळे, सगळ्यांची पिन बिल्डिंगच्या मधोमध एकावर एक पडलेली. नवीन गाळेवाला अजून एक पिन त्याच ढिगावर टाकतो, पत्त्यात विंग नाही, मजला नाही, गाळा नंबर नाही, आणि त्याच गाळ्यात आधी जो भाडेकरू होता त्याची लिस्टिंग अजून जिवंत. मग एकाच गाळ्यात दोन धंदे दिसतात. अशा वेळी आधी जुन्याला 'कायमचं बंद' असं सुचवा, त्याच्या बंद शटरचा किंवा बदललेल्या बोर्डाचा फोटो जोडा, ते मान्य होऊ द्या, मग नवीन टाका. उलटं केलंत तर नवीनच उडतं.

यावरून डुप्लिकेटचं सांगतो, कारण तुमच्या दवाखान्याचं हेच झालं असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. जागा मॅपवर नाहीये असं तुम्हाला वाटतं कारण तुम्ही एकाच स्पेलिंगने शोधलं. डॉक्टरांच्या नावाने शोधा, दवाखान्याच्या नावाने शोधा, देवनागरीत शोधा, इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगने शोधा, त्या बिल्डिंगवर झूम करून बघा, फोन नंबर टाकून बघा. बऱ्याचदा दवाखाना डॉक्टरांच्या नावाने आधीच असतो, पिन शेजारच्या गल्लीत असते, किंवा जुन्या जागेवर असते. तसं असेल तर नवीन टाकायचंच नाही, त्याच लिस्टिंगला पत्ता आणि पिन दुरुस्त करायची. धंद्याची जागा बदलली की नवीन लिस्टिंग काढायची नसते, जुनीच हलवायची असते, रिव्ह्यू पण त्याच्याबरोबर येतात. हे रिडेव्हलपमेंटमध्ये फार होतं. चाळ पाडली, खालची दुकानं ट्रान्झिटच्या तात्पुरत्या जागेत गेली, तीन-चार वर्षांनी टॉवरच्या खाली परत आली, आणि दर वेळी मालकाने, पुतण्याने, एखाद्या भल्या गिऱ्हाइकाने नवीन पिन टाकली, आता एका वाण्याच्या तीन लिस्टिंग आणि त्यातली एकही बरोबर जागी नाही.

नावाचं सोपं आहे, पण लोक ऐकत नाहीत. बोर्डावर जे आहे तेच नाव. बोर्डावर 'श्री साई डेंटल क्लिनिक' आहे तर तेवढंच, त्याच्यापुढे 'बेस्ट डेंटिस्ट इन भांडुप वेस्ट रूट कॅनल स्वस्त दरात' असली शेपटी नाही, फोन नंबर नाही, 'होम डिलिव्हरी मिळेल' नाही. माझ्याकडे येणारे निम्मे दुकानदार हीच शेपटी मागतात, की शेजारच्याने लावलीय मग मला का नाही. शेजारच्याची लागली कारण अजून कोणी रिपोर्ट केलं नाही, आणि ज्या दिवशी होईल त्या दिवशी त्याचं प्रोफाइलच लटकेल, मग तो पण माझ्याकडेच येणार. मराठीत नाव द्यायचं का इंग्रजीत, हाही प्रश्न येतो. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मुंबईतल्या दुकानांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हापासून बहुतेक बोर्डांवर देवनागरी ठळक आलंय, त्यामुळे फोटोत देवनागरी आणि तुम्ही टाईप केलेलं नाव इंग्रजी असं होतं. त्याने बिघडत नाही, बोर्डावर दोन्ही असतील तर फोटोत दोन्ही येऊ द्या. पण नावाच्या रकान्यात 'साई कृपा' दोन लिप्यांत शेजारी शेजारी कोंबू नका.

स्टेशनांचं पण हेच. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ च्या जुलैत अधिकृत झालं, पाट्या बदलल्या, नकाशे बदलले. पुढे २०२४ मध्ये विधिमंडळात ठराव झाला की करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव वगैरे, बातमी आली आणि त्याच रात्री लोक एडिट टाकायला धावले. ठराव होणं वेगळं आणि रेल्वेने फलाटावरची पाटी बदलणं वेगळं. पाटी बदलायच्या आधी टाकलेलं एडिट रिजेक्ट होणारच आणि झालंच पाहिजे, नाहीतर बाहेरगावचा माणूस गाडीत बसून लालबाग स्टेशन शोधत डोंबिवलीपर्यंत जाईल.

फोटोबद्दल मी जरा जास्त बोलतो कारण खरं काम तोच करतो. लोक पाठवतात काय, तर व्हिजिटिंग कार्डाचा फोटो, डॉक्टरांचा हार घातलेला उद्घाटनाचा फोटो, व्हॉट्सॲपवर आलेलं बॅनर, नाहीतर बोर्डाचा इतका जवळून काढलेला फोटो की तो बोर्ड भांडुपला आहे का भुसावळला हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. फोटो असा हवा की त्यात बोर्ड वाचता येतो, शटर उघडं आहे, आणि दोन्ही बाजूचं थोडं थोडं दिसतंय, म्हणजे शेजारच्या मेडिकलचा बोर्ड, बिल्डिंगचं गेट, बसस्टॉप. शेजारचं मेडिकल आधीच मॅपवर असेल तर तुमचा दवाखाना त्याच्या शेजारी आहे हे फोटोच सांगतो, तुम्हाला काही सांगावं लागत नाही. २०२२ च्या जुलैपासून मुंबईत स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यावरून काढलेली गल्ल्यांची चित्रं, आलाय, तेव्हा तुमची गल्ली त्यात असेल तर आधी बघून घ्या की त्यात त्या जागी काय दिसतंय. जुन्या चित्रात तिथे झेरॉक्सचं दुकान असेल आणि तुम्ही दवाखाना म्हणताय तर साध्या फोटोने भागणार नाही, समोरच्या फुटपाथवरून रुंद फोटो काढा म्हणजे दुकान तेच, बोर्ड नवा हे दिसेल. फोटो फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला मूळ पाठवा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला नको, त्यात जागेची आणि वेळेची माहिती उरत नाही आणि चित्रही घासलेलं असतं. आणि दुपारी एकनंतर जाऊ नका, निम्म्या गल्ल्यांची शटरं खाली असतात. पेशंटचे चेहरे, लहान मुलं, गाड्यांच्या नंबरप्लेट येऊ देऊ नका, तो वेगळाच ताप होतो.

आता ज्या जागा कितीही चांगला फोटो दिला तरी बसत नाहीत त्या. खासगी घर बसत नाही, 'जोशी निवास, दुसरा मजला' हे ठिकाण म्हणून चालत नाही, सोसायटी किंवा बिल्डिंग चालते. फिरती गाडी, आज इथे उद्या तिथे, चालत नाही. दहा दिवसांचा मांडव चालत नाही, मग तो लालबागचा का असेना. मंडळाचं वर्षभर उघडं असलेलं कार्यालय मात्र चालतं. दर गणपतीत कोणीतरी महापालिकेचे कृत्रिम तलाव टाकायला जातं, भावना समजते, पण अनंत चतुर्दशीनंतर तिथे परत क्रिकेटच चालू असतं ना. 'लवकरच येत आहे' असा फ्लेक्स लागलाय म्हणून हॉटेल टाकायचं नाही, ते मालकाला करू द्या, त्याला प्रोफाइलवर उघडायची तारीख घालता येते आणि उघडायच्या ९० दिवस आधीपासून ते लोकांना दिसायला लागतं. आणि कुलाब्याचं नेव्ही नगर, ट्रॉम्ब्याचं बीएआरसी असल्या जागांच्या कुंपणाच्या आतलं काही टाकायला जाऊ नका, अगदी तुमचे काका तिथे राहत असले तरी. २०१३ ला गुगलने भारतात मॅपेथॉन, म्हणजे नकाशात जागा टाकायची स्पर्धा, घेतली होती, लोकांनी उत्साहात काय काय टाकलं आणि सर्व्हे ऑफ इंडियाने, म्हणजे सरकारच्या नकाशा खात्याने, पोलिसात तक्रार केली, पुढे सीबीआयपर्यंत गेलं. २०२१ ला नकाशांचे नियम बरेच सैल झाले खरे, पण संवेदनशील जागा अजूनही संवेदनशीलच आहेत.

तुमच्या अकाउंटचं पण बघायला हवं. नवं कोरं अकाउंट, आधी एकही रिव्ह्यू नाही, आणि एका रात्रीत आठ-दहा जागा, सगळ्या फोटोशिवाय. बाहेरून बघितलं तर खोट्या लिस्टिंगची टोळी अशीच दिसते, तुम्ही कितीही सज्जन असलात तरी. त्यात काही जण शहाणपणा करतात, की घरातल्या पाच जणांच्या फोनवरून तेच एडिट टाकायचं म्हणजे जोर लागेल. जोर लागतो, उलट्या बाजूने. एकाच वायफायवरून एकच गोष्ट पाच जण सांगतात तेव्हा कॉम्प्युटरला त्यात पाच साक्षीदार दिसत नाहीत, एकच माणूस पाच मुखवटे घालून आलेला दिसतो. आधी छोट्या गोष्टी करा, ज्या दुकानात रोज जाता त्याची वेळ दुरुस्त करा, चुकलेला फोन नंबर नको, वेळच, बंद झालेलं एसटीडी बूथ अजून दिसतंय ते बंद करा, दोन-चार ठिकाणी नीट फोटो टाका. हे मान्य होत गेलं की मग नवीन जागा टाका, आठवड्याला एक-दोन. लोकल गाइडचे, म्हणजे मॅप्सवर माहिती भरणाऱ्यांना गुगल देतं ते, पॉइंट हा वेगळा विषय आहे, नवीन जागेला १५, एडिटला ५, फोटोला ५ असं चालतं आणि एक लाख पॉइंटला दहावी लेव्हल, पण पॉइंट म्हणजे पत नाही. दहाव्या लेव्हलच्या माणसाचं एडिट पडलेलं मी बघितलंय आणि तिसऱ्या लेव्हलच्या मावशींचं पाच मिनिटांत लागलेलं पण, कारण मावशींचा फोटो स्वच्छ होता.

कॅटेगरी आणि बाकीचे रकाने यात फार वेळ घालवू नका. जी सगळ्यात जवळची आहे ती एकच घ्या, वेळ माहीत नसेल तर रिकामी सोडा, अंदाजाने 'चोवीस तास' ठोकू नका. पण सगळीकडे माहिती जुळली पाहिजे, म्हणजे वेबसाइटवर, फेसबुक पेजवर, बोर्डावर आणि तुमच्या एडिटमध्ये तोच पत्ता आणि तोच नंबर. डॉक्टरांनी जुन्या पेजवर अजून मुलुंडचा पत्ता ठेवला असेल तर आधी तो बदलून घ्या.

पेंडिंग असेल तर थांबा, बस. काही एडिट मिनिटात लागतात, काही आठवडे लटकतात. रिजेक्ट झालं की तेच एडिट तसंच परत टाकू नका, दाराची बेल परत परत दाबल्याने आतला माणूस जास्त प्रेमाने दार उघडत नाही. काहीतरी बदला, नवीन फोटो, दुरुस्त पिन, पूर्ण पत्ता, आणि एका वेळी एकच गोष्ट. नाव, पिन, फोन, कॅटेगरी सगळं एका फटक्यात बदललं तर एक रकाना अडला की सगळंच लटकतं.

काही जणांना ही सगळी परीक्षा नको असते, त्यांनी ओपनस्ट्रीटमॅप बघावं. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा लोकांचा नकाशा आहे, तिथे आधी परवानगी वगैरे नाही, तुम्ही टाकलंत की लागलं, फेसबुक-इन्स्टाग्रामचे नकाशेसुद्धा तो डेटा वापरतात. पण आधी कोणी अडवत नाही म्हणजे नंतर कोणी विचारत नाही असं नाही. तुम्ही काय बदललंत ते तुमच्या नावासकट कायम दिसतं, आणि चुकीचं असेल तर दुसरा मॅपर येऊन उलटवतो. तिथला एक नियम मात्र अगदी कडक आहे, गुगलवरून बघून एक अक्षरही तिकडे उतरवायचं नाही, लायसनचा प्रश्न आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलंच टाकायचं. मराठी नावासाठी तिकडे वेगळा रकाना आहे, इंग्रजीसाठी वेगळा, त्यामुळे ते दोन लिप्यांचं भांडणच नाही. मॅपमायइंडियाच्या मॅपल्सवर पण जागा टाकता येतात. पण तुमच्या दवाखान्यात येणारा पेशंट रिक्षात बसून गुगलच उघडणार, म्हणून परत तिकडेच येऊ.

तर तुमच्या चार जागा.

दवाखाना तुम्ही टाकूच नका. आधी मघाशी सांगितलं तसं शोधा, असेलच तर पिन दुरुस्त करा. नसेल तर डॉक्टरांना सांगा की स्वतः बिझनेस प्रोफाइल काढा. त्यांना बहुतेक व्हिडिओ काढायला सांगतील, रस्त्यापासून सुरुवात करायची, आजूबाजूचं दाखवायचं, बोर्ड दाखवायचा, मग कुलूप उघडून आत जायचं, खुर्ची, मशीन, आणि जागा आपल्याच ताब्यात आहे हे दिसेल असं काहीतरी, रजिस्ट्रेशनचा कागद वगैरे. दुकानदार असेल तर गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, दाखवतो, डॉक्टरांकडे त्यांचं सर्टिफिकेट असतंच. व्हिडिओ तोडून जोडलेला नको, एका दमात काढलेला हवा. दवाखान्यात कंपाउंडर मराठीत बोलत असला तरी चालतो, बोलण्यापेक्षा दिसण्याला महत्त्व आहे. हे एकदा झालं की मग तुम्ही फोटो आणि रिव्ह्यू टाका, त्याला कोणी अडवत नाही.

दत्तमंदिर तुम्हीच टाका, पण रविवारी सकाळी जाऊन, दार उघडं असताना, पाटी आणि समोरची गल्ली येईल असा फोटो काढून. कोणाच्या घराच्या आवारातलं देवघर असेल आणि बाहेरच्याला आत जाता येत नसेल तर सोडून द्या. गुरुवारची गर्दी फोटोत छान दिसते हे खरं, पण गर्दीत पाटी झाकली जाते.

भजीच्या गाडीचं मला माहितीये की तुमचा जीव त्यातच जास्त आहे. तो जर रोज त्याच जागी, ठरलेल्या वेळेला, नावाची पाटी लावून उभा राहत असेल तर एकदा संध्याकाळी पाटी आणि मागची भिंत दिसेल असा फोटो जोडून टाकून बघा, अशा ठरलेल्या जागेच्या स्टॉलची एडिट लागलेली मी बघितली आहेत. पण नाव नाही, पाटी नाही, आणि पालिकेची गाडी आली की तो दोन गल्ल्या पलीकडे जातो, असं असेल तर ते मॅपवर टिकणार नाही, कोणीतरी येऊन 'इथे काही नाही' म्हणणारच. आणि एक आगाऊ सल्ला, त्याला विचारून टाका. लायसनचं काही अर्धवट असेल तर त्याला नकाशावर ठळक दिसायची हौस नसते.

सोसायटी तुम्ही 'घर' म्हणून टाकली असणार असा माझा अंदाज आहे, किंवा नावात स्वतःचा फ्लॅट नंबर घातला असेल. रजिस्टर्ड सोसायटीचं नाव जसं गेटवर लिहिलंय तसं घ्या, 'को-ऑप. हौसिंग सोसायटी लि.' सकट गेटवर असेल तर तसं, नसेल तर नसू दे, कॅटेगरी हाउसिंग सोसायटीची, पिन मेन गेटवर, गेटचा फोटो. विंग वेगवेगळ्या टाकत बसू नका, आधी सोसायटी लागू दे. आणि मागच्या बाजूचं गेट रात्री बंद असतं ना, मग पिन चुकूनही तिकडे ठेवू नका, नाहीतर जेवण घेऊन आलेला डिलिव्हरीवाला रोज मागच्या गेटवरून तुम्हालाच फोन करणार.